फॉर्म वापस आला

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडकडे वर्षाचे ऋतू चार. धानाचा, मोहाचा, तेंदूपत्त्याचा आणि स्कॉलरशिपचा. पहिल्या तिघांना निसर्गाची शिस्त आहे. ते आले तसे जातात. चौथा सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर उगवतो आणि मुदतवाढ घेत घेत पुढच्या वर्षीच्या रोवणीपर्यंत रेंगाळतो. त्या काळात झेरॉक्सच्या दुकानात, सेतू केंद्रात आणि कॉलेजच्या खिडकीपाशी एकच बातमी फिरत असते. “फॉर्म वापस आला.” “काऊन जी?” “त्रुटी आहे म्हनते.” “कोनती?” “ते नाही सांगत.” मग सगळे जण मिळून त्रुटी शोधायला बसतात. ज्याची स्वतःची स्कॉलरशिप तीन वर्षांपासून अडकली आहे असा एखादा अनुभवी पोरगा बाकीच्यांना सल्ला देतो, आणि फॉर्म वापस आलेली पोरगी घरी जाऊन सांगते की आपण फॉर्म चुकीचा भरला. मुळात सगळ्यांची समजूत अशी की फॉर्म अचूक भरला असता तर परत आला नसता. या समजुतीतच खरी गंमत आहे. पोर्टलला खरे आणि खोटे यांतला फरक कळत नाही. त्याला जुळणारे आणि न जुळणारे एवढेच कळते. म्हणून आपल्याकडे अचूक अर्ज म्हणजे पहिल्या माणसाने केलेल्या पहिल्या चुकीशी शेवटपर्यंत इमान राखणारा अर्ज. आणि घर जितके गरीब तितके कागद जास्त, कागद जितके जास्त तितके ते लिहिणारे हात जास्त, आणि हात जितके जास्त तितके इमान राखणे अवघड.

नावापासूनच बघू, कारण पोर्टलही तिथूनच सुरू होते. समजा वैष्णवी नावाची मुलगी आहे. अंगणवाडीच्या वहीत ती ‘वैष्नवी’ आहे, कारण इकडच्या झाडीपट्टीत ण हे अक्षर बोलायचे नसते, फक्त शाळेत गिरवायचे असते. पहिलीत गुरुजींनी दाखल-खारीज रजिस्टरात तिचा ण दुरुस्त केला, पण त्याच ओळीत वडिलांच्या श्रावणचा सरावन झाला. आधार काढणाऱ्याने इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक आय ठेवला, दहावीच्या गुणपत्रिकेवर त्याच्या दोन ई झाल्या. आधारवर नाव आधी, बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, आणि पासबुकात जागा संपली म्हणून वडील ‘श्राव’पाशीच थांबले. आईचा मामला तर आणखी मोठा. माहेरी मंदा, सासरी वंदना, रेशनकार्डावर वंदनाबाई, आणि मतदार यादीत वंदनाच, पण वय वीस वर्षांनी कमी. या शेवटच्या चुकीबद्दल मात्र तिची काही तक्रार नाही. वडिलांचा जन्म १ जुलैचा, कारण शाळेत घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी जून-जुलैतली पहिली तारीख टाकून मोकळे व्हायचे. अशा सहा-सात वैष्णवी कागदोपत्री नांदत असतात. घरात एकदा हाक मारली तर सगळ्या मिळून एकच मुलगी उठते, पण पोर्टल हाक मारत नाही. म्हणून मुरलेला ऑपरेटर तिला ‘तुझं नाव काय’ असे विचारतच नाही. तो विचारतो, “दहावीच्या मार्कशीटवर काय आहे?” तिथे जे छापले असेल ते खरे, बाकी सगळे, खुद्द मुलगी धरून, तपासून घ्यायचे. आता १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांच्या सरकारी कागदांवर नावापुढे आईचेही नाव लागते. निर्णय उत्तमच आहे. फक्त मंदा लिहायचे की वंदनाबाई, हा प्रश्न २०४२ सालच्या ऑपरेटरसाठी राखून ठेवलेला दिसतो.

नाव संपले की प्रश्नोत्तरे सुरू होतात. पोर्टलला होय आणि नाही या दोनच भाषा येतात. “वडील हयात आहेत?” “हे काय, बसले ना जी तुमच्यासमोर.” “पगारदार आहेत?” “तेंदूच्या दिवसांत.” “होय की नाही तेवढं सांगा.” “काय टाकल्यानं पैसे येते?” हा शेवटचा प्रश्न लबाडीचा वाटतो, पण तो शुद्ध शरणागतीचा असतो. यातूनच उत्पन्नाचा रकाना भरायचा. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला आठ लाखांची. मर्यादा स्पष्ट आहे. स्पष्ट नाही ते उत्पन्न. दोन एकर धान, त्यात कापणीला पाऊस आला तर निम्मे. मार्च-एप्रिलात मोहफूल, तेही रात्री रानडुकराने ठेवले तेवढे. मे महिन्यात तेंदूपत्ता, सत्तर पानांचा एक पुडा आणि पुड्यावर मजुरी. मधल्या काळात तेलंगणात मिरची तोडायला जाणे. “वार्षिक उत्पन्न किती?” “कोनत्या वर्षीचं?” “यंदाचं.” “यंदाचं तर आलंच नाही अजून.” शेवटी सगळ्यांच्या सोयीचा एक गोल आकडा ठरतो, तो तलाठ्याच्या अहवालात जातो, तिथून तहसीलदाराच्या दाखल्यावर येतो आणि त्याला बारकोड मिळतो. त्या आकड्याला मोहाचा वास नाही की मिरचीचा ठसका नाही, पण बारकोड आहे, म्हणून तो अचूक. पुढच्या वर्षी घर होते तिथेच असते, फक्त दाखल्याची मुदत संपलेली असते. जाता जाता एक नोंद: २०२४ साली तलाठ्याचेच नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले. पोर्टलवर तो असता तर केव्हाच वापस आला असता.

जातीच्या रकान्यापाशी अर्ज वर्तमानकाळ सोडून इतिहासात शिरतो. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी पुरावा लागतो तो अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०च्या आधीच्या वास्तव्याचा, जमातीला ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१च्या आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा. म्हणजे बी.ए. पहिल्या वर्षाची फी भरायला पणजोबांनी शाळेत नाव घातलेले असावे लागते. त्यांनी ते घातले नव्हते, म्हणून तर पणतीला स्कॉलरशिप लागते; पण हा युक्तिवाद अपलोड करायला पोर्टलवर जागा नाही. मग विदर्भाचा हुकमी एक्का बाहेर निघतो: कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवायचा, त्यात पणजोबा सापडले तर सापडले. सापडतात तेव्हा नुसते पहिले नाव असते, आडनाव नसते, आणि जातीच्या जागी कोतवालाला त्या दिवशी जे ऐकू आले ते असते. पत्त्याची कथा तर याहून रंगतदार. १९३०च्या सुमाराला नागभीडजवळ जन्मलेला माणूस मध्य प्रांतात जन्मला, १९५०मध्ये मध्य प्रदेशात राहू लागला, १९५६मध्ये मुंबई राज्यात गेला आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आला, तोही अंगणातली खाट न हलवता. त्याचा तालुका तेव्हा ब्रह्मपुरी होता, जिल्हा चांदा होता. आज जिल्हा चंद्रपूर आहे, रेल्वेचे एक स्टेशन मात्र अजून चांदा फोर्टच. खुद्द नागभीडचे स्पेलिंग रेल्वेच्या इंग्रजीत असे आहे की वाचणारा ‘नागभीर’ वाचतो. गावाने स्कॉलरशिपचा अर्ज भरला असता तर पहिल्याच छाननीत त्रुटी निघाली असती. ही थट्टा वाटेल, पण चिमूर-नागभीडकडच्या माना जमातीला आपण गोंडांची पोटजमात नसून स्वतंत्र जमात आहोत हे सर्वोच्च न्यायालयाकडून २००६ साली ठरवून घ्यावे लागले. एका रकान्यात काय लिहायचे हे कळण्यासाठी काही घरांत पिढ्या गेल्या, आणि वर ऑपरेटर म्हणतो, “लवकर सांगा, सेशन संपते.”

कागद जमले की ते बारीक करायचे. पोर्टलला प्रत्येक कागद १५ ते २५६ केबीत बसलेला हवा असतो. मोबाइलवर काढलेला जातीच्या दाखल्याचा फोटो तीन-चार एमबीचा निघतो. तो दाबत दाबत २५६ पर्यंत आणला की राजमुद्रा आणि बारकोड उरतात, अक्षरे पुसट होतात. मोठा ठेवला तर चढत नाही, लहान केला तर ‘कागद अस्पष्ट’ म्हणून वापस. शेवटचा मुक्काम बँकेचा. अर्जात खाते नंबर बरोबर लिहिला म्हणजे पैसे तिथेच येतील असे नाही. पैसे आधारवर चालतात, आणि आधार ज्या खात्याला शेवटचे जोडले गेले तिथे जातात. ते खाते कोणते हे बऱ्याचदा खातेदाराला शेवटी कळते. २०१७ साली एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत लोकांची गॅस सबसिडी नकळत जाऊन बसली होती. सिमसाठी अंगठा दिला आणि खातेही उघडले गेले. तेव्हा “पैसे आले का?” याचे योग्य उत्तर “आले असतील, पण कुठे ते शोधतो आहे” असे असते. २०२४-२५ पासून ठराविक उत्पन्नाच्या आतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शंभर टक्के माफ झाली. फी माफ झाली; अर्ज काही माफ झाला नाही.

या सगळ्या न जुळण्यावर जुळवाजुळवीचा एक अधिकृत उपाय आहे: प्रतिज्ञापत्र. ‘वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे शपथेवर लिहून द्यायचे. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, असे शासनाने २००४ सालीच जाहीर केले आहे. तरी सवयीने शंभराचा स्टॅम्प मागितला जायचा आणि सवयीने दिला जायचा. २०२४च्या ऑक्टोबरात शंभराच्या जागी पाचशेचा आला, तेव्हा माफ असलेली गोष्ट पाचपट महाग झाली. मंत्र्यांना पुन्हा सांगावे लागले की विद्यार्थ्यांना हा मुद्रांक माफच आहे. शपथेचा मजकूर टंकलेखकाकडे तयार असतो. तो घाईत असतो. त्यामुळे नावातली चूक दुरुस्त करणाऱ्या प्रतिज्ञापत्रात नावाचे आठवे रूप जन्माला येते.

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार आक्षेप असा की एवढी काटेकोर छाननी नसेल तर लबाडांचे फावेल. खरे आहे. गडचिरोली-चंद्रपूर भागाला तर हे शिकवायला नको. शिष्यवृत्ती घोटाळ्याची प्रकरणे दशकभरापूर्वी इथेच गाजली: कागदावर विद्यार्थी, कागदावर अभ्यासक्रम आणि बँकेत मात्र खरे पैसे. पुढे राज्याला चौकशीसाठी विशेष पथक नेमावे लागले. पण जरा विचार करा, बनावट विद्यार्थ्याचे कागद कसे असतील? ते एकाच माणसाने, एकाच टेबलावर, एकाच संध्याकाळी तयार केलेले. त्यात नाव सगळीकडे सारखे, स्पेलिंग सारखे, आडनाव जागच्या जागी, आईला एकच नाव. खऱ्या मुलीचे कागद अठरा वर्षांत अंगणवाडी सेविका, गुरुजी, ग्रामसेवक, आधारवाला, बोर्डाचा संगणक आणि बँकेचा कारकून अशा डझनभर हातांनी लिहिलेले. ते जुळले तर नवल. थोडक्यात, जुळणे ही खरेपणाची खूण मानली तर ती लबाडाला सर्वांत सोपी आणि खऱ्याला सर्वांत अवघड. चाळणी लावली ती खड्यांसाठी. झाले असे की खडे एकसारखे गोल असल्याने खाली उतरले आणि तांदूळ वर अडकले.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या भक्तांचा. आता सगळे ऑनलाइन आहे, बारकोड टाकला की दाखला आपोआप येतो, चूक होईलच कशी? होते, फक्त वेगाने होते. पूर्वी तलाठ्याची चूक तहसीलपर्यंत पोचायला आठवडा लागायचा. आता ती क्षणात मुंबईला जाते आणि तिथून ‘पडताळणी झाली’ असा हिरवा शिक्का घेऊन येते. महाडीबीटी २०१७ साली आले आणि पहिल्याच वर्षी ते असे अडखळले की अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. नंतर पोर्टल सुधारले, हे मान्य करायलाच हवे. पूर्वी संस्थेच्या खात्यात मुरणारा पैसा आता थेट मुलांच्या खात्यात येतो, हीही लहान गोष्ट नाही. पण यंत्र सुधारले म्हणून त्याला दिलेला कागद सुधारत नाही. तिसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: “पोरांनीच नीट लक्ष देऊन भरावा ना फॉर्म.” पोरे भरतातच कुठे? फॉर्म भरतो ऑपरेटर, ओटीपी येतो वडिलांच्या मोबाइलवर, वडील असतात बांधीवर, आणि रेंज असते झाडावर. मुलीच्या वाट्याला फक्त ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ या वाक्यापुढची टिचकी येते. ती वरील सर्व माहिती कोणी वाचली, असे विचारले तर ऑपरेटर पोरीकडे बघतो, पोरगी बापाकडे आणि बाप घड्याळाकडे. शेवटची बस गेलेली असते.

चौथा आक्षेप थोर माणसांचे दाखले देणारा. पूर्वी कुठे होती ही सोय, तरी माणसे शिकलीच की! शिकली, पण त्यांचा अर्ज कसा होता तेही बघावे. १९१३ साली भीमराव आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेत शिकायला तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. महाराजांनी माणूस पाहिला, बडोद्याच्या अधिकाऱ्यांपुढे एक करार झाला, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी अशी अट घातली गेली, आणि विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात पोचला. आजच्या नियमाने बघितले तर त्यांच्या शाळेच्या दप्तरातले आडनाव घराण्याच्या आडनावाहून वेगळे. प्रकरण पहिल्याच टेबलावरून वापस आले असते. यावर कोणी म्हणेल, तेव्हा विद्यार्थी एक होता, आता लाखो आहेत, महाराज कुठून आणायचे? बरोबर. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती याचसाठी, की शिक्षण कोणाच्या मर्जीवर न राहता हक्काने मिळावे. हक्क म्हटला की नियम आले, नियम आले की रकाने आले. तक्रार रकान्यांची नाहीच. तक्रार एवढीच की महाराज माणूस बघून कागद करायचे आणि आपण कागद बघून माणूस आहे की नाही ते ठरवतो.

ओळख पटवणे सरकारला जमत नाही असेही नाही. ब्रह्मपुरी वनविभागात आणि ताडोबात वाघ मोजायला झाडांना कॅमेरे बांधतात. वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत, हे वनखात्याला ठाऊक आहे; म्हणून ते समोरासमोर दोन कॅमेरे लावते, दोन्ही बाजूंचे फोटो घेते आणि दोन्ही मिळून एकच वाघ असे नोंदवते. कोणी वाघाकडून प्रतिज्ञापत्र मागत नाही. त्याच भागातल्या मुलीने दोन कागद आणले, एकावर आय आणि एकावर दोन ई, तर तिला मात्र दोन मुली धरतात आणि दोघींनाही पैसे देत नाहीत.

तेव्हा सरकारला एक सुचवणे आहे, आणि त्याला फारसा खर्च नाही. कॉलेजच्या कारकुनाला मुलगी रोज दिसते, प्राचार्यांना तिची हजेरी माहीत असते. पोर्टलवर त्यांच्या लॉगिनला एकच रकाना वाढवा: ‘वरील सर्व नावे समोर उभ्या असलेल्या याच मुलीची आहेत: होय / नाही.’ होय म्हणणाऱ्याने सही करावी आणि खोटे निघाले तर त्याच्यावर कारवाई करावी. घोटाळे मुलींनी केले नव्हते, सही करणाऱ्यांनी केले होते. हा रकाना येईपर्यंत आईबापांनी तीन गोष्टी कराव्यात. आधार कोणत्या बँक खात्याला जोडले आहे ते बँकेत जाऊन आधीच विचारून घ्यावे. उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या गर्दीत न काढता आधी काढून ठेवावा. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची: शाळेच्या रजिस्टरातली चूक शाळेत असेपर्यंतच सहज दुरुस्त होते, दहावीनंतर ती बोर्डाची होते आणि मग जन्मभर आपली. तेव्हा पोरगी नववीत असतानाच एक दिवस मजुरी बुडवून शाळेत जा, तिचे, तुमचे आणि तिच्या आईचे नाव स्वतः वाचून घ्या, ण धरून.